अजून थोडं मागे

आमच्या घाटकोपरात थंडी पंख्याच्या बटणावर मोजतात. पाचावरून तिनावर आलं की हवा बदलली, तिनावरून एकावर आलं की थंडी पडली, आणि पंखा बंदच केला तर शेजारी विचारतात, घरात कुणाला बरं नाही का? आज पहाटे कुणीतरी उठून आमचा पंखा एकावर आणला. सकाळी फरशी पायाला गार लागली आणि कपाटातून शाल काढताना डांबरगोळ्यांचा वास आला. गॅलरीत ऊन आलं होतं. डिसेंबरातलं ऊन तिरकं असतं, बाजूनं येऊन भिंतीला हात लावतं. एरवी सपाट वाटणाऱ्या गिलाव्यावरचे थापीचे फटकारेसुद्धा त्या उन्हात उठून दिसतात.

आईंना मी गॅलरीतल्या खुर्चीत बसवलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना आता फक्त उजेड आणि काळोख एवढंच कळतं. गालावर ऊन लागलं तशी त्यांनी मान जरा डावीकडे वळवली आणि म्हणाल्या, "थंडी इली गो." मी हो म्हटलं, आणि मला ती थंडी आठवली, जिच्यात आम्ही दोघी दर रविवारी मुंबईला जात होतो.

'मुंबईला जात होतो' हे वाचून पुण्याचा माणूस हसेल. घाटकोपर मुंबईत नाही तर कुठे आहे? पण उपनगरात वाढलेल्या कुणालाही विचारा. भायखळ्याच्या पुढे गेलं की ती मुंबई. आमच्या शाळेतल्या शिपाईकाकू परवा म्हणाल्या, "बाई, उद्या येणार नाय, मुंबईला जायचंय," आणि शिक्षकांच्या खोलीत कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी स्वतः चौथीच्या वर्गाला मुंबईच्या वास्तू शिकवते. भिंतीवर तक्ता असतो, त्यावर व्हीटी, राजाबाई टॉवर, हायकोर्ट, टाउन हॉल, गेटवे. व्हीटीला आता वेगळं नाव आहे, तेच मी वर्गात शिकवते आणि घरी येऊन व्हीटीच म्हणते. मुलं चित्रांवर पट्टी टेकवत पाठ म्हणतात. त्यांतल्या निम्म्यांनी या इमारती पाहिलेल्या नसतात आणि त्यांच्या बाईंनीही वर्षानुवर्षं फक्त तक्ताच पाहिलेला असतो.

त्या वर्षी दिवाळी संपली आणि आई माणसांना धडकायला लागल्या. दाराच्या चौकटीला खांदा, मोरीच्या उंबऱ्याला पाय. आम्हाला वाटलं, वय झालं. डॉक्टरांनी तपासलं आणि काचबिंदू म्हणून सांगितलं. माझा नवरा सुहास त्यांना पुन्हा पुन्हा विचारत राहिला, तेव्हा त्यांनी टेबलावरचा कागद घेतला, त्याची बारीक पुंगळी केली आणि सुहासच्या डोळ्याला लावली. "आईंना असं दिसतं," ते म्हणाले. "मधलं दिसतं, कडेचं गेलं. गेलेलं परत येत नाही. उरलेलं या थेंबांनी टिकवायचा प्रयत्न करू, पण किती टिकेल ते सांगता येत नाही." सुहास ती पुंगळी डोळ्याला तशीच लावून खोलीभर बघत बसला. मी त्याच्या हातातून ती काढून घेतली.

आम्ही रिक्षानं परत निघालो. सिग्नलला आई म्हणाल्या, "म्हणजे मी लोकांक धडकत होतंय ता वयामुळा नाय." आणि त्यांना जरा बरंच वाटलेलं दिसलं.

आठवडाभरानं जेवताना त्यांनी जाहीर केलं, "माका मुंबई बघूची हा."

"आई, तू मुंबईतच राहतेस," सुहास म्हणाला.

"ही मुंबई? हय काय बघूचा? समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे?"

मग हळूहळू खरं कारण बाहेर आलं. त्यांची धाकटी बहीण, यशोदामावशी, गावाहून सहलीच्या बसनं दोन दिवस येऊन गेली होती आणि सगळं बघून गेली होती. गावात जन्म काढलेल्या बहिणीनं मुंबई पाहिली आणि उभं आयुष्य इथे राहिलेली ही मात्र कोरडीच. "माका विचारता, व्हीटीवरची ती मशाल घेतलेली बाई बघलंस मा गो? मी म्हटलंय, बघलंय तर. किती वेळा."

यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. आई मालवणाकडून लग्न होऊन आल्या त्या कुर्ल्याच्या एका खोलीत. सासरे तिथल्याच गिरणीत. बाजार कुर्ल्याचा, गावाला जायची एसटी कुर्ल्याची, पुढे गावाकडे रेल्वे आली तीही कुर्ल्याहूनच मिळे. मग घाटकोपरला घर घेतलं, तर दवाखाना, शाळा, देऊळ सगळं चार पावलांवर. व्हीटीला जायचं कारणच काय? शहरातल्या देखण्या इमारती आपल्या वाट्याला कामानिमित्त येतात. कुणाचा खटला असतो म्हणून तो हायकोर्टाची कमान बघतो, कुणाची नोकरी असते म्हणून तो घुमटाखालून धावतो. ज्याचं काही काम नाही, त्यानं रस्त्यात उभं राहून इमारतीकडे बघायचं असतं, हे आपल्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही.

तर मी ठरवलं, आईंना मुंबई दाखवायची. आणि मी एकदा ठरवलं की त्याचा तास होतो. कुठल्या रविवारी काय, किती वाजता ऊन कुठल्या बाजूला, सगळं आखलं. रविवारी आमच्या मार्गावर मेगाब्लॉक ठरलेला, म्हणून टॅक्सी. चेंबूरवरून फ्रीवेला लागलं की एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला तेलाच्या टाक्या, आणि मग एकदम शहर. आई पुढच्या सीटवर पदर घट्ट लपेटून बसत, पिशवीत पाण्याची बाटली आणि डोळ्यांत घालायचे थेंब.

पहिल्या रविवारी व्हीटीसमोर उतरलो. सकाळचं ऊन पिवळ्या दगडावर पडलं होतं, कबुतरं घुमटाभोवती एक फेरी मारून परत बसत होती. मला स्वतःलाच भरून आलं. मी हात पसरून म्हटलं, "ही बघा, आई."

"काय?"

"इमारत."

"खंय हा?"

त्या सरळ समोर बघत होत्या आणि त्यांच्या पुंगळीत भिंतीचा एक तुकडा आला होता. त्याच्या वरचा घुमट, बाजूचे मनोरे, कमानींची रांग, काही म्हणजे काही नाही. मला तेव्हा डॉक्टरांचं म्हणणं पहिल्यांदा नीट कळलं. पण मी शिक्षिका आहे, अडले की उपाय शोधते. लांबून बघितलं तर जास्त दिसेल, असा साधा हिशोब केला. "आई, थोडं मागे येऊ या." रस्ता ओलांडला. आता दोन कमानी. "अजून थोडं मागे." महापालिकेच्या इमारतीच्या कोपऱ्यावर आलो. आता मनोरा आला, तर घुमट गेला. मी त्यांना दंडाला धरून मागे मागे नेत राहिले, चालणारे लोक वळसा घालून जात होते.

"अजून मागे नेलंस तर आपण घाटकोपराक पोचतलव," आई म्हणाल्या.

शेवटी एका ठिकाणाहून सगळी इमारत त्यांच्या नजरेत बसली. पण केवढी? खेळण्यातल्या घराएवढी. मी विजयानं म्हटलं, "ती घुमटावर बघा, मशालवाली बाई." त्यांनी डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं. "तो कावळो काय?" म्हणाल्या.

लांबून बघावं तर सगळं दिसतं पण काहीच दिसत नाही, जवळून बघावं तर एकच दगड. ही गंमत मला त्या दिवशी गंमत वाटली नाही, मी घायकुतीला आले होते. आई मात्र परत जवळ गेल्या. लोकलच्या तिकीटघराच्या बाजूला एका खांबाच्या माथ्यावर दगडी पानांची जाळी आहे. त्यांनी मान वर केली आणि त्यांचं ते मधलं उरलेलं दिसणं नेमकं त्या पानांवर जाऊन थांबलं.

"चानी हा गो हय," त्या म्हणाल्या. त्यांच्या गावात खारीला चानी म्हणतात. पानांच्या आड खरंच एक खार होती, शेपटी पाठीवर टाकलेली, दोन्ही हातांत काहीतरी धरून खाणारी. तक्त्यावर शिकवण्याच्या इतक्या वर्षांत मला तिचा पत्ता नव्हता. मी सांगायला सुरुवात केली, की ही इमारत उभी राहायला दहा वर्षं लागली, कोरीवकाम इथल्याच कलाशाळेतल्या मुलांनी केलं. आईंनी मध्येच विचारलं, "एका चानीक किती दिवस लागले असतीत?" ते कुठे लिहिलेलं नाही. वास्तुकाराचं नाव पुस्तकात असतं, एकूण खर्चही असतो. एका खारीला किती दिवस लागले, हे तिच्यापुढे बसून छिन्नी चालवणाऱ्यालाच ठाऊक. त्यालाही बहुधा कुणी रस्ता ओलांडून नेऊन सांगितलं नसेल, की ये, आता सगळी इमारत बघ.

मग आम्ही तिकीटघरात गेलो. छतावर तारे रंगवलेले आहेत. खाली रांगेतले लोक मोबाइलमध्ये मान घालून उभे होते आणि आमच्या आई खांबाला टेकून वर बघत होत्या, एका वेळी एक तारा. त्यांना घाई नव्हती. घाई मला होती, कारण मनात पलीकडचं मोठं पोस्ट, जीपीओ, बाकी होतं.

पुढच्या रविवारी ओव्हल मैदान. एकाच मैदानात कितीतरी सामने चाललेले, एकाचा फिल्डर दुसऱ्याच्या विकेटकीपरच्या पाठीला पाठ लावून उभा. वाळलेल्या गवताचा आणि उसाच्या रसाचा वास. पलीकडे हायकोर्टाचा काळसर दगड आणि राजाबाई टॉवरचा पिवळसर. मी आईंना म्हटलं, "आई, हा दगड ओळखीचा आहे. हा टॉवर कुर्ल्याच्या दगडाचा आहे."

त्या थांबल्या. "आमच्या कुर्ल्याचो?"

"हो, कुर्ल्याच्या खाणीतला."

"लग्न होऊन इलंय तेव्हा दुपारी सुरुंग उडवत डोंगरार. फळीवरची भांडी हलत."

"हे त्याच्या शंभर वर्षं आधीचं, आई."

"डोंगर तोच मा?"

तेव्हापासून मी तो तक्ता जरा वेगळा शिकवते. मुलांना सांगते, आपल्या बाजूचे डोंगर फोडून ही मुंबई बांधली. दगड बैलगाड्यांनी तिकडे गेला, खड्डा इकडे राहिला. त्या खड्ड्यांत आधी पाणी साठलं, मग भर पडली आणि मग त्यावर चाळी, झोपड्या, सोसायट्या उभ्या राहिल्या. राजधानीला मिरवायला मनोरा मिळाला आणि आपल्याला राहायला जागा मिळाली. मुलं विचारतात, बाई, मग आपली इमारत कशाची? मी म्हणते, सिमेंटची, आणि ती बघायला कुणी येत नाही, म्हणून तुम्ही बघा. आमच्या इमारतीला ना कमान, ना मनोरा. प्रत्येक मजल्याला वेगळ्या नक्षीचं ग्रिल, पावसाळ्यात बांधलेलं आणि थंडी आली तरी न सोडलेलं निळं प्लास्टिक, गॅलरीत तुळस आणि जुनी सायकल. हायकोर्ट लोकांनी बघावं म्हणून उभं आहे. आमची इमारत आम्ही आत झोपावं म्हणून उभी आहे, आणि तीही तिचं काम चोख करते.

यशोदामावशीचा फोन अजूनही येतो. परवा आई तिला ठणकावून सांगत होत्या, "तू बसमधून बघलंस. तुका चानी दिसली? छपरावरले तारे दिसले? मग काय बघलंस तू, कपाळ?"

पण त्या थंडीत सगळंच असं गोड नव्हतं. नाताळाच्या सुमारास आमचं चांगलंच वाजलं. मी म्युझियम आखलं होतं, भलामोठा पांढरा घुमट, आत काय काय. आई फाटकापाशीच एका लोखंडी जाळीतल्या फुलापुढे थांबल्या आणि हलेनात. मी चिडले. म्हटलं, "आई, मी एवढं सगळं ठरवून तुम्हाला आणते आणि तुम्ही खारी नाहीतर फुलं बघत बसता. मोठं काही बघायचंच नाही का?"

"माझे डोळे, मी कायव बघीन," त्या म्हणाल्या.

परतताना टॅक्सीत आम्ही दोघी दोन खिडक्यांतून बाहेर बघत होतो. मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता. मला वाटे, यांच्याकडे आता थोडंच दिसणं उरलंय, ते मोलाच्या गोष्टींवर पडावं. मोलाचं काय, हे ठरवणारी मी कोण, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता.

जानेवारी लागला. आई चहाचा कप उचलायला हात पुढे करत आणि हात कपाच्या बाजूनं जाई. पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरांनी या वेळी पुंगळी केली नाही. थेंब बदलून दिले आणि म्हणाले, जे दाखवायचं ते दाखवून घ्या. घरी आल्यावर सुहास बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसला. मी दाराबाहेर उभी राहिले.

संक्रांतीच्या आसपासचा रविवार होता. आई म्हणाल्या, "आता एकच. तुका आवडता ता दाखव." मला टाउन हॉल आवडतो. बाकीच्या इमारती अंगभर दागिने घातलेल्या, हा मात्र पांढरा, शांत, रुंद पायऱ्यांवर ओळीनं उभे असलेले ग्रीक घाटाचे खांब. ते दगड म्हणे जहाजातून थेट इंग्लंडहून आले. त्या दिवशी सुहासही आला.

गुडघ्यांमुळे आईंना पायऱ्या चढणं शक्य नव्हतं. समोर बाग आहे, तिच्या कठड्याला टेकून त्या रस्त्यापलीकडे उभ्या राहिल्या, सुहास त्यांना धरून. पायऱ्यांवर लग्न ठरलेली जोडपी फोटो काढून घेत होती, कुणाचा घागरा तीन पायऱ्या खाली पसरलेला. मी सुहासला म्हटलं, "मी वर जाऊन खांबापाशी उभी राहते. शेजारी माणूस असलं की उंचीचा अंदाज येतो. तू फोन आईंच्या कानाला लाव, मी सांगत जाते."

वर जाऊन मी फोन लावला. रस्त्यापलीकडे आई एवढ्याशा दिसत होत्या, पण आवाज थेट कानात.

"दिसले का खांब?"

"हां."

"माझ्या डाव्या हाताला आहे तो बघा. माझ्या किती पट आहे?"

मला वाटलं, त्या मोजतायत. मी सांगत राहिले, की खांब खालून वर जाताना जरा निमुळते होतात, त्यांच्यावर उभ्या खाचा आहेत, त्या खाचांत सावली पडते म्हणून खांब आहे त्याहून उंच वाटतो.

"ही हिरवी साडी कधी घेतलंस?" आईंनी विचारलं.

"दिवाळीला. आई, खांब बघा ना."

"खांब मावणत नाय गो माझ्या डोळ्यात. मगापासना बघतंय. एक धरलंय तर दुसरो सुटता. तू मावतंस. डोक्यापासून पायापर्यंत."

मला हसू आलं. "मला काय बघायचंय? मी काय, रोज घरातच असते."

"घराक तुझी पाठच दिसता. ओट्याकडे तोंड, नायतर वह्या तपासत खाली मान. इतकी वर्सा झाली. सुहास माका डोळे मिटले तरी दिसता, तेका जन्मल्यापासून बघलंय. तुझो चेहरो बघूचो रवलो." मग म्हणाल्या, "जरा उभी रव थय. हलू नको."

सुहास आईंच्या कानाला फोन धरून दुसरीकडेच बघत होता. माझ्या मागून एका फोटोवाल्यानं आवाज दिला, "मॅडम, जरा साइडला होता का? फ्रेममध्ये येताय."

"नाही," मी म्हटलं. "थांबा तुम्ही थोडं."

आणि मी तिथेच उभी राहिले. हात कुठे ठेवायचे, ते मला कळेना.